नऊ वेळा नेलेलं पुस्तक

सातवीतल्या एका मुलीची शाळा माझ्यामुळे तुटली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ज्यांना ज्यांना मी ही हकिकत सांगितली त्यांनी मला अर्ध्यावर थांबवून 'अहो, यात तुमचा काय दोष' असं म्हटलं, आणि ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी माझं डोकंच फिरलं. दोष होता. माझाच होता. तो कुठे आणि कसा झाला एवढंच सांगायचं आहे.

नागपूरच्या दक्षिण टोकाला आमची मराठी शाळा आहे, पाचवी ते आठवी, सकाळपाळीची. तिथे मी ग्रंथपाल आहे. ग्रंथालय म्हणजे पूर्वीची प्रयोगशाळा. भिंतीला अजून तीन बेसिनं आहेत, त्यांच्या नळांना पाणी येत नाही, तरी प्रत्येक नव्या पाचवीतलं एक तरी पोरगं नळ फिरवून पाहतंच. चार कपाटं, दोन लांब टेबलं, आणि मी. माझा राग नाकावर असतो असं शिक्षकांच्या खोलीत म्हणतात. खरं आहे ते. पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटणाऱ्या मुलाला मी आठवडाभर पुस्तक देत नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने पुस्तकांचं एक खोकं पाठवलं. त्यात एका किशोर कादंबरीचे तीन जाड भाग होते. चौदा वर्षांची मुलगी, नवं शहर, नवी शाळा, मैत्रिणींची भांडणं, मोबाइल, आणि अर्थातच एक मुलगा. मुखपृष्ठावर गुलाबी दप्तर. मी नाक मुरडलं, पण शिक्का मारून कपाटात ठेवले. महिनाभरात त्या तीन भागांसाठी रांग लागली. थोरामोठ्यांची चरित्रं कपाटात सुखाने झोपलेली आणि या तिघांच्या पुठ्ठ्याला मी तीन वेळा चिकटपट्टी लावलेली. आठवीतली दांडगी पोरंसुद्धा 'बहिणीसाठी पाहिजे मॅडम' असं सांगून न्यायची.

ती मुलगी या रांगेतलीच. पहिल्या बाकावर बसणारी, घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं कपाळ, वर्गात विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणणारी ती एकटीच होती. पुस्तक सात दिवसांसाठी मिळतं. मग परत करून पुन्हा नाव लावायचं. ती सातव्या दिवशी यायची, पुस्तक टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, 'मॅडम, राहिलं थोडं. परत देता का?' मी म्हणायची, 'काय गं, पाठ करतेस की काय?' ती हसायची. तिला एवढं बोलताना फक्त ग्रंथालयातच पाहिलं, असं तिच्या वर्गशिक्षिका नंतर मला म्हणाल्या. नंतर, म्हणजे ती शाळेतून गेल्यावर.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका पालकाने पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्या भागातल्या एका पानाचा फोटो टाकला. पान एकशे बारा. त्यावर ती मुलगी आणि तो मुलगा शाळेच्या गच्चीवर उभे आहेत, तो तिचा हात धरतो, आणि पुढे दोन ओळींत जे व्हायचं ते होतं. खाली पालकाने लिहिलं होतं, 'हे शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक आहे. शिक्का पाहा.' दुपारपर्यंत त्या फोटोखाली एवढे रागावलेले चेहरे आणि एवढे जोडलेले हात जमा झाले, की हेडमॅडमनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, 'आधी ते कपाटात टाका आणि कुलूप लावा. मग पाहू.'

पहिला आणि दुसरा भाग मी कुलुपात टाकला. तिसरा त्या मुलीकडे होता.

मग समिती नेमली गेली. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचं काय करावं हे कळेनासं झालं की समिती नेमतात. हेडमॅडम, संस्थेचे सचिव, मराठीचे सर, पालकांच्या प्रतिनिधी म्हणून एक बाई, आणि मी. किशोर कादंबऱ्या शाळेत असाव्यात की नसाव्यात, हे आम्ही पाच जण ठरवणार होतो.

पहिल्या बैठकीत मी लढायच्या तयारीने गेले होते. मराठीचे सर कर्मठ असतील, सचिव घाबरट असतील, पालकबाई आरडाओरडा करतील, असं मी धरून चालले होते. पण सरांनी सुरुवातच अशी केली की माझी हवा गेली.

'मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही, मॅडम,' ते म्हणाले. 'पोट्टे मोबाइलमध्ये काय काय पाहून राहिले, मले माहीत आहे. पण ते बाहेर पाहतात. बारा वर्षांच्या लेकराच्या हातात शाळेचा शिक्का मारून आपण काहून द्यायचं? शिक्का म्हणजे आपण म्हणतो ना, की बापा, हे चांगलं आहे, वाच.'

शिक्का मीच मारला होता, नाक मुरडून मारला होता, आणि रांग लागली तेव्हा मनातून फुशारले होते. पालकबाई शांतपणे म्हणाल्या, 'माझी मुलगी सहावीत आहे. तिने मला विचारलं, आई, गच्चीवर काय झालं ते पुढे सांग ना. मी काय सांगू?' त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. पण मी मान्य करते तर मी कसली. मी आवाज चढवला. चरित्रं कोण वाचतं ते विचारा म्हटलं, वाचायची सवय अशीच लागते म्हटलं, तुम्हाला पोरं पुस्तकांपासून तोडायचीच असतील तर खुशाल तोडा म्हटलं. सचिवांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या शनिवारी बसायचं ठरलं.

त्या आठवड्यात मी पेटले होते. मला जिंकायचं होतं, आणि माझ्या हातात एक हुकमी पान आहे असं मला वाटत होतं. देवघेवीची वही. कुठलं पुस्तक, कोणी, कधी नेलं, कधी परत केलं, सगळं माझ्या अक्षरात, एका रेषेत. एवढी वर्षं ती वही मी कोणाला हात लावू दिली नव्हती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी बसून पानापानांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या. जिथे जिथे त्या तीन भागांची नोंद, तिथे तिथे पिवळी चिठ्ठी. वही पिवळ्या चिठ्ठ्यांनी फुगली. मी मनात म्हटलं, आता बोला.

शनिवारी मी ती वही टेबलाच्या मधोमध ठेवली. 'हे बघा,' म्हटलं, 'एवढी मुलं वाचतात. एवढ्यांना तुम्ही नाही म्हणणार आहात.'

माझी अपेक्षा होती की ते चिठ्ठ्या पाहतील. त्यांनी नावं पाहिली.

मराठीचे सर बोट फिरवत खाली खाली गेले आणि थांबले. मग पुढचं पान. मग पुन्हा थांबले. 'ही तर पहिल्या बाकावरची,' ते म्हणाले, 'पहिला भाग चार वेळा. दुसरा तीन वेळा. तिसरा दोनदा, आणि अजून तिच्याकडेच आहे. नऊ वेळा झालं की हो हे.' त्यांच्या बोलण्यात खुन्नस नव्हती, आश्चर्य होतं. पालकबाईंनी वाकून नाव वाचलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. 'अगंबाई,' त्या म्हणाल्या, 'ही आमच्या गल्लीतली आहे.'

मी वही ओढून मिटली, पण उशीर झाला होता. कोण काय वाचतं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हे ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमात कुठेतरी एका ओळीत होतं. ती ओळ मला परीक्षेत आली नव्हती आणि पुढे कधी आठवायची वेळही आली नव्हती. डॉक्टर पेशंटचं सांगत नाही, तसंच हे. मी मुलांच्या नावांवर एक पट्टी ठेवली असती तरी चाललं असतं. नुसता आकडा सांगितला असता तरी भागलं असतं. पण मला वही मिरवायची होती. माझं ते सुंदर अक्षर.

बैठक संपल्यावर मी पालकबाईंना जिन्यात गाठलं. 'हे तुम्ही कुणाला सांगू नका,' म्हटलं. त्या म्हणाल्या, 'मी कशाला सांगू?' आणि त्यांनी खरंच मुद्दाम सांगितलं नसावं. घरी नवऱ्याला बोलल्या असतील, नवरा शेजाऱ्याला. ती राहते त्या बेसा वस्तीत नवी घरं असली तरी गल्ली ती गल्लीच. सोमवारी ती मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी तिचे वडील आले.

ते हिंगण्याला एका कारखान्यात आहेत. रात्रपाळी करून कंपनीच्या बसने उतरून तसेच आले होते, डोळे लाल, खिशाला कारखान्याचं कार्ड लटकलेलं. घराणं विणकरांचं, आजोबांपर्यंत माग होता, आता भाऊबंद सगळे नोकरीत, एक बहीण तेवढी उमरेडला. हे सगळं त्यांनीच सांगितलं, उभ्यानेच, कारण मी बसा म्हटलं तरी ते बसेनात.

'दाखला पाह्यजे मॅडम. पोट्टीले आत्याकडे टाकली उमरेडले. तिथंच शिकन आता.'

'असं मध्येच वर्ष सोडून? का पण?'

'काहून म्हणता? तुमच्याच वहीत आहे ना नऊ बार. गल्लीतले लोक मले विचारून राहिले, काय हो, तुमची पोट्टी कोणतं पुस्तक वाचते. एक बार वाचलं तर समजू शकतो. नऊ बार तेच तेच? डोक्यात कायतरी असनच ना?' मग हळू म्हणाले, 'मले मारता नाही येत तिले. एकुलती एक आहे. म्हणून दूर पाठवली.'

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. माझ्याच वहीचा पुरावा तो माझ्यापुढे ठेवत होता. मी म्हटलं, तिने काही वाईट केलं नाही, मी लिहून देते. ते म्हणाले, 'तुम्ही लिहिलंच होतं ना.'

आमच्याकडे दाखला देण्याआधी नो ड्यूजचा कागद फिरतो. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, आणि शेवटी ग्रंथालय. मुलाकडे शाळेचं काही राहिलेलं नाही अशी माझी सही झाल्याशिवाय हेडमॅडम दाखल्याला हात लावत नाहीत. एरवी हा कागद म्हणजे माझ्या डोक्याला ताप. त्या दिवशी मी तो बुडत्या माणसासारखा धरला. 'तिसरा भाग तिच्याकडे आहे,' मी म्हटलं. 'तो परत आल्याशिवाय मी सही करू शकत नाही.'

'घरी नाही सापडून राहिलं ते. सगळं घर पालथं घातलं.'

'मग शोधा.'

ते गेले. मी खुर्चीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी नियमाच्या नावाने काहीतरी चांगलं केलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. पुस्तक सापडत नाही तोवर तिचं नाव आमच्या हजेरीत आहे. चार-आठ दिवसांत बापाचं डोकं थंड होईल, मी घरी जाईन, समजावीन, आणि पोरगी परत येईल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि बेश्याला तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा सज्जा. दाराला 'साडी फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी. पुढच्या खोलीत आजी खाटेवर आडवी होती. तिने मला नखशिखांत पाहिलं, 'शाळेतल्या का?' विचारलं आणि कूस बदलली. मुलीच्या आईने मला मागच्या खोलीत नेलं, जिथे पिकोची मशीन होती आणि साड्यांचे गठ्ठे होते, आणि दार लोटून घेतलं.

मी बोलायला सुरुवात केली, चुकलं म्हणाले, माझ्या वहीमुळे झालं म्हणाले. ती साडीची किनार हातात घेऊन ऐकत होती. तिशीपस्तिशीची बाई, मुलीसारखंच कपाळ. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, 'मॅडम, ते पुस्तक पोट्टी नोती वाचत. म्हंजे वाचत होती, पण माह्यासाठी.'

मला काही कळलं नाही.

'मी चौथी शिकली. अक्षरं लावता येते, पण पूर्ण पान म्हणलं का डोळे दुखते. तिनं एक दिवस अशीच वाचून दाखवली, मी फॉल लावत होती. मले आवडली. मग रोज दुपारी. सासू झोपली का. पिकोची मशीन चालली तर ऐकू नाही येत, म्हणून मी दुपारी हातशिलाईचंच काम ठेवत होती.' तिने आवाज आणखी खाली आणला. 'यांची दिवसपाळी असली तरच जमे. रात्रपाळी असली का हे दुपारी घरीच झोपून राहत. मग हप्ताभर बंद. सात दिवसांत कुठून होते ते? म्हणून ती पोट्टी घडी घडी नाव लावे. मीच म्हणत होती, परत आण वं, परत आण.'

नऊ वेळा. मी ते नऊ पुन्हा मनात मोजले. चार, तीन, दोन. प्रत्येक वेळी ती टेबलापुढे उभी राहून 'राहिलं थोडं' म्हणायची, आणि मी पाठ करतेस का म्हणून चिडवायची.

'पुस्तकातल्या त्या पोरीची माय दवाखान्यात कामाले जाते,' ती सांगत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं होतं. 'पोरगी तिच्यापासून लपवून राहिली सगळं. मायले समजून राहिलं, पण ते विचारत नाही. असं तिसऱ्या भागात आहे.' मी मान हलवली.

'मग हे तुम्ही त्यांना सांगा ना,' मी म्हटलं. 'आत्ताच सांगा. उद्या पोरगी घरी येईल.'

ती बराच वेळ किनार चिमटीत चुरत राहिली. 'दोन डाव तोंड उघडलं, मॅडम. नाही निघालं. माय असं ऐकते तर पोट्टी काय शिकन, म्हणतीन. सासू तर गल्लीत बोंब मारन. मग माह्यंही बंद अन् तिचंही बंद. पोट्टीनं त्याईले माह्यं नाव नाही सांगतलं. चुपचाप गेली बापाच्या संगं.' ती रडली नाही. मलाच रडू येत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती.

'आणि पुस्तक?'

तिने साड्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. मधल्या एका साडीच्या घडीत, वर्तमानपत्राच्या कव्हरातलं. 'पुस्तक नाही दिलं का दाखला नाही भेटत, असं हे म्हणत होते. म्हणून लपवलं.'

'देऊ नका,' मी म्हटलं. 'अजिबात देऊ नका. मी सही करत नाही. बघू कोण काय करतं.'

आम्ही दोघींनी असं ठरवलं. त्या खोलीत, दार लोटून, दोन मोठ्या बायांनी. मी स्कूटीवर बसले तेव्हा मला वाटत होतं की आपण त्या पोरीसाठी काहीतरी केलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला नीट सांगता येणार नाही. सकाळी ग्रंथालय उघडायचं, मुलं यायची, मी वही उघडायची आणि तिचं नाव दिसायचं. खरं काय ते मला माहीत होतं. हेडमॅडमच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर बाप पोरीला उद्या घेऊन आला असता. पण ती दोन वाक्यं म्हणजे दुसऱ्या एका वाचणारीचं नाव चव्हाट्यावर मांडणं. एकदा मी ते केलं होतं आणि त्याचं काय झालं ते डोळ्यांपुढे होतं. बोलले तर आईचा घात, गप्प राहिले तर मुलीचा. घरी माझे यजमान म्हणाले, 'तू जेवत का नाहीस?' मी त्यांच्यावरच खेकसले. दोनदा मी हेडमॅडमच्या दारापर्यंत गेले आणि खडू मागून परत आले. ग्रंथालयात खडू लागत नाही.

पत्रं मात्र लिहिली. वडिलांना एक, त्यात विद्यार्थिनी सुशील आहे वगैरे. उत्तर नाही. कारखान्याच्या बसथांब्यावर दोनदा जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी मला पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाले, 'पुस्तक सापडलं का आणून देईन मॅडम, तुम्ही इथंवर नका येऊ.' माणूस एवढा सज्जन की त्याच्याशी भांडताही येईना.

तिसरी बैठक लांबत लांबत जानेवारीत झाली. तोवर ग्रुपवरचा राग विझला होता, लोकांना स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचा विषय मिळाला होता. समितीने ठरवलं: पुस्तकं ग्रंथालयात राहतील. सातवी-आठवीला मिळतील, पालकांच्या सहीचं संमतिपत्र घेऊन. पाचवी-सहावीला नाही. सगळ्यांना पटलं. मराठीचे सर मला म्हणाले, 'जिंकल्या तुम्ही, मॅडम. अन् खरं सांगू, मलेही बरंच वाटलं.' सचिवांनी चहा मागवला.

मी चहाचा कप बशीवर आपटला. थोडा सांडला. 'तिचं काय?' म्हटलं. 'जिच्या नावावर बोट ठेवलं तिचं काय? पुस्तक राहिलं आणि पोरगी गेली, आणि आपण चहा पितोय.'

सरांची मान खाली गेली. पालकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला त्या क्षणी सहन झालं नाही. हेडमॅडम तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, 'दाखला तुम्ही अडवून ठेवला आहे. तिच्या वडिलांनी दोनदा अर्ज दिला. असा दाखला अडवता येत नाही, तुम्हालाही माहीत आहे. पुस्तक गहाळ म्हणून लिहा आणि सही करा.' मी म्हटलं, 'करणार नाही.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'सोमवारपर्यंत विचार करा.'

सोमवारी दुसऱ्या तासाला तिची आई आली. तिने याआधी कधी ग्रंथालय पाहिलं नव्हतं. दारात चपला काढायला लागली, मी नको म्हटलं. तिने कपाटांकडे पाहिलं, बेसिनांकडे पाहिलं, मग समोर बसून खांद्यावरच्या साड्यांच्या पिशवीतून ते पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. दुसऱ्या हातात नो ड्यूजचा कागद होता, माझ्या सहीची जागा सोडून सगळ्या सह्या झालेला.

'द्या मॅडम सही.'

'अहो, पण आपलं ठरलं होतं ना? अजून थोडे दिवस धरा. मी पुन्हा बोलते त्यांच्याशी.'

'तिथली शाळा दाखल्याबिगर बसू नाही देत,' ती म्हणाली. 'नणंद दोन डाव घेऊन गेली तिले, परत पाठवलं. महिना होऊन गेला, पोट्टी घरीच आहे. भांडे घासते, नणंदेचं लेकरू सांभाळते. परवा गेली होती मी. म्हणे, आई, मी आता शाळेतच नाही का गं?' तिने कागद माझ्यापुढे ठेवला. 'इथं येणार नाही ते, मॅडम. हे मानत नाही. अन् तिथं जाऊ नाही शकत, कारण पुस्तक म्या लपवलं अन् सही तुम्ही नाही केली. आपण दोघींनीच तिले घरी बसवलं.'

उमरेडला कोणत्या वर्गात बसली असेल, कोणती शाळा असेल, हे मी मनात रंगवलं होतं. ती बसलीच नसेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. नियम माहीत असलेली एवढ्या सगळ्यांत मी एकटी होते. कायदा काहीही म्हणो, दाखल्यावाचून पोराला वर्गात घेत नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे आलेल्या पोरांना आम्हीही तसंच परत पाठवतो.

मी सही केली. माझ्या त्याच सुंदर अक्षरात. खाली तारीख घातली, शिक्का मारला. वहीत तिच्या नावापुढे 'परत' लिहिलं. आठ वेळा असंच लिहिलं होतं, हे नववं.

ती कागद घेऊन उठली नाही. पुस्तकावर हात ठेवून बसली. 'एक विचारू का?'

'विचारा ना.'

'थोडंच राहिलं होतं. शेवटचे दोन धडे. तिनं वाचून ठेवले होते, पण मले सांगत नव्हती. म्हणे, आधी सांगतलं तर तुले मजा नाही येणार.' तिने मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. 'नणंदेच्या घरी बोलता नाही आलं, सगळे बसले होते. शेवटी ते पोरगी आपल्या मायले सांगते का?'

मी पुस्तकाकडे पाहिलं. एकशे बारावं पान मी वाचलं होतं, दुसऱ्या भागाचं. त्याच्या मागची पुढची पाचसहा पानं चाळली होती, समितीत बोलायला लागतात तेवढी. मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचला होता. बाकी सगळं मला रांगेतल्या मुलांच्या बडबडीतून कळलं होतं. त्याच्यावर मी तीन बैठका भांडले होते. हो, सांगते, असं मला म्हणता आलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि ती खूश होऊन गेली असती. पण या बाईशी आणखी काही खोटं करायची माझी हिंमत नव्हती.

'मी वाचलं नाही हो हे,' मी म्हटलं.

तिला आधी ते कळलंच नाही. 'हा भाग नाही वाचला?'

'एकही नाही.'

'अन् त्या सरांनं? त्या आमच्या गल्लीतल्या मॅडमनं?'

'त्यांनीही नाही. एक पान वाचलं सगळ्यांनी.'

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, मोठ्या माणसाने लहान मुलाकडे पाहावं तसं. मग पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं, कागदाची घडी केली आणि उठली.

'म्हंजे एवढ्या सगळ्याईत वाचलेली आमची पोट्टीच होती,' ती म्हणाली, आणि दाखला घ्यायला हेडमॅडमच्या खोलीकडे गेली.